सेन्सर बरोबर आहे, मटणच आंबट होतंय

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंदूरचीच एक मुलगी आहे, बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट घेतलाय जिवंत टिश्यूमधली ॲसिडिटी, म्हणजे पीएच (जितका कमी तितकं आंबट), उजेडाने मोजणारा ऑप्टिकल फायबर सेन्सर. प्लास्टिक फायबरच्या टोकाला फिनॉल रेड (पीएचप्रमाणे पिवळा-लाल होणारा रंग) घातलेलं जेल, एक हिरवा एलईडी, उजेड मोजणारा एक फोटोडायोड आणि आर्डुइनोचं छोटं कॉम्प्युटर बोर्ड. बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, ६.८ पासून ८ पर्यंत रीडिंग एकदम मस्त येतात. मग बाजारातून बोकडाचं मटण आणून त्यात टोक खुपसलं तर सकाळी ११ वाजता ६.९, दुपारी ६.७, आणि मग काटा तिथेच अडकला. वैतागून वर लिंबू पिळलं तरी ६.६ च्या खाली जाईना. गाइड म्हणतात सेन्सर ड्रिफ्ट होतोय, म्हणजे आपोआप सरकतोय, फेक आणि दुसरा बनव. सबमिशनला सहा आठवडे राहिलेत, काय करू?

फेकू नकोस बेटा. मी तेवीस वर्षं हेच करतोय, फायबरचे प्रोब बनवायचे, बिघडवायचे, परत बनवायचे, आणि तुझ्या सेन्सरमध्ये निदान तीन भानगडी मला इथे बसूनच दिसतायत, पण ६.९ वरून ६.७ ला उतरला ही त्यातली नाही. त्याला जितकं बोलता येतं तितकं तो खरंच बोलत होता. मटण आंबट होत होतं. गाइडचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालंय, रागावू नका सर वाचत असाल तर.

बोकड कापला की रक्त थांबतं, पण स्नायू त्याच मिनिटाला संपत नाही. आत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, शिल्लक असतं, ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून तो बिनऑक्सिजनच्या रस्त्याने ते वापरत बसतो, लॅक्टिक ॲसिड होतं आणि ते वाहून न्यायला रक्तच नाही, मग जागच्या जागी साठतं. जिवंतपणी स्नायूचा पीएच ७ च्या जरा वर असतो, तो साधारण एका दिवसात ५.५ ते ५.८ च्या आसपास येऊन थांबतो. जनावर कापायच्या आधी फार घाबरलेलं, दमलेलं असेल तर ग्लायकोजेन आधीच उडालेलं असतं आणि मग पीएच ६ च्या वरच राहतो, असं मांस काळपट आणि घट्ट दिसतं. तू विकत आणलंस तेव्हा ते कापून किती तास झाले होते ते तुला माहीत नाही. फ्रीजमध्ये होतं का बाहेर, तेही लिहिलेलं नाहीस. म्हणजे ज्या गोष्टीला तू स्थिर समजून सेन्सर तपासत होतीस तीच दर तासाला सरकत होती.

आणि गंमत बघ, डॉक्टरला नेमकं हेच तर हवंय! पायाचं हाड मोडलं, आत सूज आली, स्नायूच्या कप्प्यात दाब वाढून रक्त पोचेनासं झालं की स्नायू आंबट व्हायला लागतो. प्लास्टिक सर्जन एका जागची कातडी आणि स्नायू उचलून दुसरीकडे जोडतात, तिथली रक्तवाहिनी रात्री बंद पडली तरी तेच. रक्तपुरवठा बंद, लॅक्टिक ॲसिड, पीएच खाली. तुझ्या ताटलीतलं मटण म्हणजे त्या बंद पडलेल्या स्नायूचंच नाटक आहे, फक्त शेवटच्या अंकापासून. जो सिग्नल पकडायला सेन्सर बनवतेयस त्यालाच ड्रिफ्ट म्हणून कचऱ्यात टाकायला निघाली होतीस.

आकडे किती बारीक आहेत त्याचा अंदाज लोकांना नसतो म्हणून सांगतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. ७.४ ला एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन फक्त ४० नॅनोमोल, तर ग्लुकोज ५ मिलिमोल, म्हणजे सव्वा लाख पट जास्त. आणि पीएचचं माप लॉगचं, म्हणजे दर एक पीएचला आयन दहा पट, असल्यामुळे ७.४ वरून ७.१ म्हणजे कागदावर चिल्लर ०.३, पण आयन सरळ दुप्पट, ८० नॅनोमोल. हे लॉगचं माप सोरेनसेन नावाच्या केमिस्टने १९०९ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये काढलं, बिअरवाले कार्ल्सबर्ग तेच. म्हणून टिश्यूसाठी ०.१ ने चुकणारा सेन्सर काही कामाचा नाही, ०.०२-०.०३ तरी पाहिजे.

आता खरी भानगड क्रमांक एक, तुझा रंग.

नेहमीच्या पीएच मीटरच्या काचेच्या इलेक्ट्रोडची सवय असते ना आपल्याला, तो दर पीएचला ५९ मिलिव्होल्ट देतो, २ असो की १२. बेकमन नावाच्या केमिस्टने १९३४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आपला पीएच मीटर बनवला तो लिंबाच्या रसासाठीच, तुझ्या लिंबाला तो हसतखेळत मोजेल. ऑप्टिकल सेन्सरचं तसं नसतं. तो पीएच मोजतच नाही, रंग मोजतो, आणि रंगाचे रेणू निम्मे इकडे निम्मे तिकडे असतात त्या जागेच्या, म्हणजे पीकेएच्या, आजूबाजूला एकेक पीएच एवढंच त्याचं राज्य. फिनॉल रेडचा पीकेए ७.९ च्या आसपास. ७.९ ला निम्मे रेणू लाल, ६.९ ला ९ टक्के, ५.९ ला १ टक्का. म्हणजे ५.९ पासून लिंबाच्या रसापर्यंत कितीही खाली गेलीस तरी सिग्नलमध्ये एक टक्का सुद्धा फरक नाही, आर्डुइनोच्या नॉइझमध्येच बुडाला तो. तुझा ६.६ हा पीएच नाहीच, "आता सगळं पिवळं झालंय, पुढचं मला दिसत नाही" असं सेन्सर सांगतोय आणि तुझं बफरवरून बसवलेलं कॅलिब्रेशनचं समीकरण त्याला ६.६ असा आकडा चिकटवतंय. ११ वाजताचं ६.९ सुद्धा मी धरून चालणार नाही, खरं बहुतेक त्याच्याही खाली असेल.

तर मटणासाठी ब्रोमोक्रेसॉल पर्पल घे, पीकेए ६.३ च्या आसपास, ५.२ पिवळा ते ६.८ जांभळा. जिवंत टिश्यूच्या दाव्यासाठी ब्रोमोथायमॉल ब्लू, ६ ते ७.६, पीकेए ७.१. जेलमध्ये बांधल्यावर पीकेए थोडा सरकतो, पुस्तकातला आकडा घालून मोकळं होऊ नकोस, स्वतः कर्व्ह काढ. शक्यतो कमीत कमी सात-आठ बफर, दोन बफरचं कॅलिब्रेशन काचेच्या इलेक्ट्रोडला चालतं कारण तिथे सरळ रेघ आहे, इथे एस आकाराचा वळसा आहे.

भानगड दोन मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ही शंभरातल्या नव्वद मुलांकडून होते. तुझं जेल पारदर्शक आहे का? तू पाठवलेल्या फोटोत तरी काचेसारखं दिसतंय. मग सांग, हिरवा उजेड जेलमधून पुढे गेला, तो परत फायबरमध्ये आणला कोणी? जेलने नाही आणला. समोर जे काही होतं त्याने आणला. बफरमध्ये तो बीकरच्या तळावरून परत आला असेल, मटणात मटणाने परत पाठवला. म्हणजे टिश्यू हाच तुझा आरसा झाला, आणि तो आरसा लाल आहे, ओला आहे, सुकतोय, दाबला की बदलतोय.

हे तपासायला एक पैसाही लागत नाही. टोक एकाच बफरमध्ये ठेव, मागे आधी पांढरा कागद धर, मग काळा कागद. रीडिंग हललं तर तुझा सेन्सर जेलच्या पलीकडे बघतोय, बस. मी कुणाचाही प्रोब हातात घेतला की पहिलं हेच करतो, लोकांना राग येतो पण करतो.

याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. १९८० मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत पीटरसन, गोल्डस्टीन आणि त्यांच्या साथीदारांनी शरीरात घालायचा पहिला नाव घेण्यासारखा फायबर पीएच प्रोब छापला. त्यांनीही फिनॉल रेडच वापरला होता, बरं का, पण रक्ताच्या ७.० ते ७.४ साठी, आणि तिथे तो चालतो. खुबी टोकात होती. पॉलिॲक्रिलमाइडच्या बारीक मण्यांना रंग रासायनिक बांधून टाकला, म्हणजे वाहून जाणार नाही, आणि त्यात पॉलिस्टायरीनचे आणखी बारीक मणी मिसळले ज्यांचं काम फक्त उजेड विखरून मागे पाठवणं. हे सगळं सेल्युलोजच्या डायलिसिस नळीत भरून दोन प्लास्टिक फायबर आत, सगळ्याची जाडी ०.४ मिलिमीटर. आरसा स्वतःच्याच पोटात घेऊन फिरणारा प्रोब. आणि दोन रंगांचा उजेड, हिरवा जो फिनॉल रेड खातो आणि लाल ज्याला तो हातही लावत नाही, दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. फायबर वाकला, कनेक्टर सैल झाला तर दोन्ही सारखेच कमी होतात, गुणोत्तर जागेवर. तुझ्याकडे एकच एलईडी आहे, तुझी केबल कुणी टेबलावरून हलवली तरी पीएच बदलणार, ही तिसरी भानगड, वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

तू काय करशील? जेल करताना चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घाल, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. आणि बाहेरून पातळसा काळा थर, त्याच जेलमध्ये कार्बन ब्लॅक कालवून. आत पांढरं बाहेर काळं. काळ्या थरातून आयन आरामात जातात, उजेड जात नाही. माझा एक विद्यार्थी फार हुशार, त्याने नळवाल्याची सफेद टेफ्लॉन टेप गुंडाळली टोकाला, पांढरी तर असतेच, फुकटात आरसा म्हणाला. दोन दिवस रीडिंग हललंच नाही. ती टेप पाण्याला आत घेतच नाही ना बाबा, गॅस जाईल आयन नाही जाणार.

काळा थर का हवा त्याचं अजून एक कारण म्हणजे रक्त. फिनॉल रेडचा लाल प्रकार ५६० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त उजेड खातो आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन ५४२ आणि ५७७ ला, म्हणजे तू दोन डोंगरांच्या मधल्या दरीत बसून मोजतेयस. टोकाजवळ टाचणीच्या डोक्याएवढं रक्त साकळलं तरी प्रोबला वाटणार पीएच वाढला. ब्रोमोथायमॉल ब्लू इथे फायद्याचा कारण त्याचा निळा प्रकार ६१५-६२० च्या आसपास खातो, ६०० च्या पुढे ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन झपकन पारदर्शक होत जातं. तरीही काळा थर लाव.

आता प्रोटीन. ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली आणि तोपर्यंत एका अख्ख्या उन्हाळ्याचा डेटा वाया गेला होता. पॅथॉलॉजीवाले रक्तातलं अल्ब्युमिन कसं मोजतात माहितीये? ब्रोमोक्रेसॉल ग्रीन किंवा ब्रोमोक्रेसॉल पर्पल टाकतात, तो अल्ब्युमिनला चिकटतो आणि चिकटला की रंग बदलतो. पीएच तोच, रंग वेगळा! तुझ्या कामाला हा शुद्ध घात आहे. म्हणून पीटरसन मंडळींची ती डायलिसिस नळी, ती शोभेची नव्हती. अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनचं धूड, नेहमीची नळी १२ ते १४ च्या वरचं अडवते, आयन आणि छोटे रेणू सुटतात. नळीचा तुकडा उकळून धुऊन टोकावर ओढून बांध, सर्जरीच्या बारीक दोऱ्याने बांधला की सरकत नाही.

रंग बांधलेला आहे का नुसता अडकवलेला, तेही बघ. तू लिहिलंयस रंग जेलमध्ये "मिक्स" केला. मिक्स केलेला रंग सुटतो. टोक रात्रभर ३७ डिग्रीच्या सलाईन बफरमध्ये ठेव, सकाळी ते पाणी पांढऱ्या वाटीत ओतून त्यात एक थेंब अल्कली टाक, फिनॉल रेड असेल तर गुलाबी झाक दिसेलच. दिसली की समज रोज तुझा सेन्सर थोडाथोडा रिकामा होतोय, आणि माणसात घातला असता तर तो रंग त्याच्या मांसात गेला असता. कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल असा उपाय म्हणजे रंग सेल्युलोजवर रासायनिक बांधणं, केमिस्ट्रीवाल्या मॅडमना मस्का मार. पॉलिॲक्रिलमाइडच्या नादी लागणार असशील तर ग्लोव्हज घालूनच, जेल झालं की ठीक, पण आधीची पूड नसांना विषारी आहे आणि कातडीतून जाते.

जेल किती जाड? इथे एक हिशेब कामाला येतो, वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ०.१ मिलिमीटर जेलमधून आयन साधारण दहा सेकंदात पोचतात, १ मिलिमीटर केलंस तर हजार सेकंद, म्हणजे १६-१७ मिनिटं, आणि हे कमीत कमी, रंग स्वतः आयन धरून ठेवतो त्यामुळे प्रत्यक्षात आणखीच रेंगाळतं. तुझ्या फोटोतला तो शेंगदाण्याएवढा गोळा बघून मला घाम फुटला. सिग्नल जास्त मिळतो म्हणून मुलं जाड करतात, मग बफर बदलून दोन मिनिटांत रीडिंग घेतात आणि म्हणतात हिस्टेरिसिस आहे, म्हणजे वर जाताना एक आकडा आणि खाली येताना दुसरा. हिस्टेरिसिस वगैरे काही नाही, थांबत नाहीस तू.

बफरबद्दल. टिश्यूत मिठाचं प्रमाण साधारण ०.१५ मोलर. साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या पातळ बफरमध्ये कॅलिब्रेट करून सेन्सर टिश्यूत घातला की पीएच न बदलताही रीडिंग सरकतं, कारण रंगाचा पीकेए आजूबाजूच्या आयनांवर हलतो. पायरानीन नावाचा जो फ्लुओरेसंट (एका उजेडात दुसऱ्याच रंगाने चमकणारा) रंग सगळे वापरतात त्याच्यावर ऋण भाराचे तीन सल्फोनेट गट आहेत, त्याला तर मिठाचा भारीच त्रास. सगळे बफर मीठ घालून ०.१५ ला आण. आणि तापमान ३७. फॉस्फेट बफर त्यातल्या त्यात सरळ माणूस, २५ डिग्रीला ६.८६ असलेला ३७ ला ६.८४, ७.४१ वाला ७.३९ च्या आसपास. ट्रिस मात्र अजिबात वापरू नकोस, तो दर डिग्रीला ०.०२८ घसरतो, एसी लॅबमध्ये २५ ला ७.४ करून ३७ ला वापरलास की ७.१ च्या जवळ. तुला वाटेल पेशंट मरायला टेकलाय.

एलईडीचं तापमान हा अजून एक छुपा चोर. लाल आणि पिवळे एलईडी तापले की हिरव्यापेक्षा बरेच जास्त मंद होतात, म्हणजे ज्या गुणोत्तराचं मी वर एवढं कौतुक केलं तेच हलतं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, एसी बंद, खोली अर्ध्या तासात तापली आणि आमचा प्रोब आरामात ०.१ सरकला, तो बिचारा बफरमध्ये ३७ ला बसून होता, त्याचा काहीच दोष नाही. तेव्हापासून प्रत्येक एलईडीच्या शेजारी एक फोटोडायोड लावतो, जो नुसता एलईडीकडेच बघत बसतो, आणि सगळ्या रीडिंगना त्याच्या रीडिंगने भागायचं. आपल्या इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात हे सगळं किरकोळीत मिळतं, त्याच्यासाठी कुठल्या मोठ्या कंपनीच्या कॅटलॉगची गरज नाही. आर्डुइनोचा आतला दहा बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा भाग, मात्र सोड. हिशेब करून बघ, पूर्ण रंगबदलाला समज २०० पायऱ्या मिळाल्या, तर पीकेएपाशी, जिथे उतार सगळ्यात जास्त, तिथेही एका पीएचला ११५ पायऱ्या, म्हणजे ०.०१ ला जेमतेम एक. आणि कडेला गेलीस की तेही नाही. १६ बिटचं छोटं बोर्ड मिळतं, ते लाव.

बाहेरचा उजेड. एलईडी चालू-बंद करत ठेवायचा, एक किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच तालावर मोजायचं, बाकीचा उजेड वजा होतो. आपल्याकडची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून बरोब्बर १००० नको, १०३० वगैरे काहीतरी वाकडं घे. मी हे कसं शिकलो तर एका ऑपरेशन थिएटरमध्ये, नाव नाही सांगत, सर्जनने डोक्यावरचा मोठा दिवा जरा फिरवला आणि आमच्या स्क्रीनवर पीएच ७.३ चा ७.६. परत फिरवला, परत ७.३. तो माणूस मास्कच्या आतून हसला असणार, मला डोळे दिसले त्याचे. बाकी त्याच दिवशी एक गोष्ट पटली, त्यांनी कॉटरी, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करायचं हत्यार, चालवली, शेजारच्या मॉनिटरवर कचरा झाला आणि फायबरवर एक टिंबही हललं नाही. फायबरची खरी कमाई ती आहे. आत वीज नाही, धातू नाही, एमआरआयमध्ये जाईल, काच फुटायची भीती नाही, वेगळा रेफरन्स इलेक्ट्रोड नको. पण म्हणून सगळीकडे फायबरच भारी असं मी म्हणणार नाही. पोटातून अन्ननलिकेत वर येणारी ॲसिडिटी २४ तास मोजतात तिथे पीएच ४ च्या खाली किती वेळ गेला एवढंच बघायचं असतं, रेंज मोठी, तिथे इलेक्ट्रोडवाली नळीच मजेत चालते.

फ्लुओरेसन्सकडे जाऊ का असं विचारलंयस. या प्रोजेक्टला नको. चांगला रस्ता आहे, पायरानीनला ४०५ आणि ४५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन उजेडांनी उठवायचं आणि ५१५ च्या आसपास परत आलेला बघायचा, पीकेए ७.३, टिश्यूसाठी जणू मापाचं शिवलेलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या टॅन आणि कोपलमन मंडळींनी १९९२ मध्ये असल्याच फ्लुओरेसंट रंगाने मायक्रोमीटरपेक्षाही बारीक टोकाचा फायबर करून पीएच मोजून दाखवला. पण टिश्यू स्वतःच चमकते, तिच्यातले फ्लेविन नावाचे रेणू निळ्या उजेडात साधारण त्याच हिरव्यात चमकतात, रंग उजेडाने विटत जातो, फिल्टर महाग. सहा आठवड्यांत तू त्यातच हरवशील. पुढे पीएचडी करायची झाली तर बोलू, कॅट रोडला राजा रामण्णा सेंटर आहे, लेझरमधली जाणती माणसं आपल्या गावातच आहेत, त्या बाबतीत इंदूरवाले नशीबवान आहोत.

सहा आठवड्यांचं म्हणशील तर मी असं करेन. पहिले दोन आठवडे फक्त टोक, पांढरं जेल काळा थर नळी, आणि कागदाची टेस्ट पास होईपर्यंत दुसरं काही नाही. मग मटणाला लगेच हात न लावता दूध घे. हसू नकोस. दुधात प्रोटीन आहे, ते उजेड विखरतं, ताज्याचा पीएच ६.६-६.७ आणि विरजण लावलं की सहा-सात तासांत हळूहळू ४.५ च्या आसपास. एवढा सुंदर, सावकाश उतरणारा पीएच तुला कुठलंच मशीन देणार नाही, आणि घरी कोणाची हरकतही नाही. कोमट पाण्याच्या टबात डबा ठेव, ४० डिग्रीच्या जवळपास, एकीकडे काचेचा इलेक्ट्रोड, एकीकडे तुझे दोन प्रोब, एक नळी घातलेला एक बिननळीचा, दोन्हीत ब्रोमोक्रेसॉल पर्पल. दर दहा मिनिटांनी तिन्ही आकडे वहीत. नळीवाला इलेक्ट्रोडबरोबर चालेल, बिननळीचा सुरुवातीपासूनच वेगळा सूर लावेल असा माझा अंदाज, आणि तो एक ग्राफ तुझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं पान होईल. ५.३ च्या खाली दोघेही आंधळे होतील, तेही ग्राफमध्ये तसंच राहू दे, कापू नकोस, परीक्षकाला तिथेच कळतं की या मुलीला आपल्या सेन्सरची हद्द माहीत आहे.

त्याच्यानंतर मटण. आणि रिपोर्टमध्ये "जिवंत टिश्यूत मोजलं" असं लिहू नकोस, कारण नाही मोजलंस. जिवंत जागी सुईने प्रोब घातला की तिथे आधी जखम होते, थोडं रक्त येतं, ती जागा स्वतःच थोडा वेळ बिथरलेली असते, म्हणून पहिल्या वीस-तीस मिनिटांच्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही. मिनिटांत टोकावर प्रोटीनचा थर बसतो, काही आठवडे ठेवला तर शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं आणि मग तू भिंतीचा पीएच मोजतेस. यातलं मटणात काहीच होत नाही. उंदरांवर करायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती सहा आठवड्यांत येत नाही, विनापरवाना कुणी "बघू करून" म्हणालं तर साफ नाही म्हण.

मटण आणशील ते सकाळी लवकर, दुकानदाराला कापल्याची वेळ विचार, तो सांगतो, दोनदा विचारलं की सांगतो. मांडीचा एकसंध तुकडा, तुकडे करून नको, खिमा तर अजिबात नाही, कापलं की हवा लागते आणि सगळं लवकर बदलतं. प्रोब आणि काचेचा भाल्यासारखा टोकदार इलेक्ट्रोड एकाच स्नायूत, साधारण एक सेंटिमीटर अंतरावर. वरून पातळ प्लास्टिक, सुकू देऊ नकोस. तापमान लिहीत राहा. रात्रभर चालू ठेवायचं असेल तर लॅबच्या फ्रीजमध्ये, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात प्रयोगाचं असं लिही, कारण आमच्याकडे एकदा नाइट ड्यूटीचा चौकीदार अर्धा प्रयोग शिजवून खाऊन गेला होता आणि सकाळी डबा घासून, पुसून जागेवर ठेवलेला.